घरगुती स्वच्छता आणि यत्नाचार

(सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत विद्वानांची प्रवचने झाली. त्यांच्या पंक्तीत माझ्यासारख्या कापड व्यापाऱ्याला उभे करून ट्रस्टने धाडसच केले आहे. शास्त्राचा माझा अधिकार नाही, म्हणून विषयही साधाच घेतला आहे. आपण आपले घर, भांडी, कपडे आणि मंदिर कशाने स्वच्छ करतो, एवढाच तो विषय.

काही वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वाच्या पहिल्या दिवशी पहाटे मी अभिषेकासाठी मंदिरात आलो. सभामंडप नुकताच फिनाइलने पुसलेला होता. चौरंगाच्या पायापासून उंबऱ्यापर्यंत मुंग्यांची काळी रेघ दिसत होती. वाकून पाहिले तेव्हा लक्षात आले की, रेघ हलत नाही. आदल्या दिवशीच्या नैवेद्यातील खोबऱ्याचा तुकडा चौरंगाखाली राहिला होता, त्याच्या वासाने त्या आल्या होत्या. आत उत्तम क्षमेच्या पूजेची तयारी चालली होती आणि दाराशी शेकडो त्रस जीव आमच्या हातून मेले होते. फिनाइलचा डबा मीच आणून दिला होता.

हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार प्रकार आपण लहानपणापासून ऐकतो. झाडलोट, धुणे, स्वयंपाक यांतील हिंसा ही आरंभी. श्रावकाला ती पूर्णपणे टाळता येत नाही, पण कमी करता येते. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत प्रमादचर्या आहे. विनाकारण पाणी सांडणे, माती उकरणे, वनस्पती तोडणे या गोष्टी तीत येतात. त्या पहाटेची हिंसा मला या सदरातील वाटली. पाच मिनिटे आधी कुणी चौरंगाखाली मऊ झाडू फिरवला असता, तर फिनाइलची गरजच नव्हती.

त्यानंतर मी उत्साहाच्या भरात दुसरी चूक केली. बाजारातील सर्व द्रव्ये बंद, यापुढे सर्व काही नैसर्गिक, असे मी जाहीर केले आणि मंदिराच्या पायऱ्या लिंबाचा रस व व्हिनेगर लावून घासून घेतल्या. दुपारी पायऱ्या वाळल्या तेव्हा संगमरवरावर पांढुरके, खरखरीत डाग उमटले होते. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कोणतेही आम्ल, मग ते झाडावरच्या लिंबाचे का असेना, त्याला खाते. पॉलिशवाल्याला बोलवावे लागले. त्याचे बिल मी स्वतः दिले, हे हिशेबनीसांच्या माहितीसाठी सांगतो.

यातून मला एक गोष्ट उमगली. नैसर्गिक आणि निर्दोष हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, ते बरोबर नाही. आपला रिठाच घ्या. त्याच्या टरफलात सॅपोनिन नावाचे द्रव्य असते, त्यामुळे फेस येतो व मळ सुटतो. परंतु हेच द्रव्य माशांना विषासमान आहे; पूर्वी रिठ्याच्या पाण्याने मासे गुंगवून पकडत असत. म्हणून रिठ्याचे धुणे नदीकाठी, ओढ्यात किंवा विहिरीजवळ करू नये. ते पाणी जिथे जीवजंतूंचा वावर नाही अशा कोरड्या जागी पसरून टाकावे. मुनींसाठी सांगितलेल्या उत्सर्ग समितीचा तेवढा अंश गृहस्थानेही पाळावा.

संत्र्या-लिंबाच्या साली, गूळ व पाणी तीन महिने बरणीत कुजवून जैव-एन्झाइम करण्याची सध्या फार हवा आहे. आमच्या सूनबाईंनीही मोठ्या हौसेने बरणी भरली होती. पर्यावरणाच्या दृष्टीने ते चांगले असेल. परंतु आंबवणे म्हणजे सूक्ष्म जीवांची उत्पत्ती करणे. जो समाज गाळलेल्या पाण्याचीही ४८ मिनिटांची मर्यादा पाळतो, त्याने तीन महिन्यांची बरणी कोणत्या तोंडाने भरावी? व्हिनेगरही आंबवूनच करतात, हे मला पायऱ्या घासताना सुचले नव्हते. सूनबाईंनी मात्र मी सांगण्यापूर्वीच तो विचार केला आणि पुन्हा बरणी भरली नाही.

आता आमच्या घरी चालते ते सांगतो. पहिली गोष्ट पाणी. गाळणे छत्तीस अंगुळे लांब, चोवीस अंगुळे रुंद, जाड सुती कापडाचे व दुहेरी घडीचे असावे. झिरझिरीत मलमलीच्या तुकड्याने गाळले तर मनाचे समाधान होते, जीव वाचत नाहीत. हे मी धंद्याच्या अनुभवाने सांगतो. गाळण्यावरची जिवाणी ज्या पाण्यातून आली त्यातच परत सोडावी. नळाच्या पाण्याला ते शक्य नसते, तेव्हा निदान सांडपाण्याच्या मोरीत तरी झटकू नये.

रिठे फोडून बिया काढाव्यात. दहा-बारा सुकी टरफले लिटरभर गाळलेल्या पाण्यात पंधरा मिनिटे उकळावीत, कोमट झाल्यावर कुस्करून गाळावीत. हे पाणी त्याच दिवशी संपवावे. उरवून ठेवले की ते आंबते आणि पुन्हा तोच दोष येतो. फेस कमी येतो म्हणून कपडा मळका राहिला असे समजू नये. रेशीम व लोकर यांना सोड्याचा क्षार सोसत नाही, त्यांना रिठा उत्तम. पांढऱ्या सुती कपड्यांवर मात्र त्याने पिवळट झाक येऊ शकते, तिथे धुण्याचा सोडाच बरा. रिठ्याचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये, फार झोंबते.

रेशमाचा उल्लेख केला तेव्हा मागच्या ओळीतील काही तरुण हसले. त्यांचे हसणे योग्य आहे. कोश उकळून काढलेले रेशीम मी चाळीस वर्षे विकले आहे. पूजेसाठी सुतीच धोतर-दुपटे घ्यावे, असे गिऱ्हाइकाला सांगायला मी फार उशिरा सुरुवात केली. याहून अधिक समर्थन माझ्यापाशी नाही.

तांब्या-पितळेच्या उपकरणांना चिंच चालते. तिच्यातील आम्लाने काळपटपणा विरघळतो. चिंचोके व अळी पाहूनच चिंच भिजवावी आणि ती संगमरवरी कट्ट्यावर ठेवू नये. राख मिळत असेल तर चाळून घ्यावी, भांड्यांना तिच्यासारखे काही नाही. लिंबू आणि सोडा एकत्र करून पुष्कळ भगिनी फेस पाहून खूश होतात. प्रत्यक्षात दोघे एकमेकांना मारतात आणि उरते खारट पाणी. ब्लीचिंग पावडर व अॅसिड मात्र कधीही एकत्र आणू नका, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

विकतचा साबण घेणाऱ्यांनी वेष्टण वाचावे. सोडियम टॅलोएट असे लिहिलेले असेल तर त्यात जनावराची चरबी आहे. बारीक अक्षर दिसत नसेल तर नातवाकडून वाचून घ्यावे.

मंदिरात आता आधी मऊ झाडू फिरतो, मुंग्या असतील तर खाद्य उचलून त्या निघून जाईपर्यंत थांबतो, मग त्यांचा माग ओल्या फडक्याने पुसतो, म्हणजे वासावर दुसऱ्या येत नाहीत. याला वीस मिनिटे अधिक लागतात. पहाटेच्या घाईत हे उपाध्यांच्या एकट्याच्या अंगावर पडते, हे बरे नव्हे. पर्वाच्या दहा दिवसांसाठी रोज दोन श्रावकांनी अर्धा तास आधी यावे, अशी माझी विनंती आहे. वही कार्यालयात ठेवली आहे आणि पहिले नाव मी लिहिले आहे. निवडलेले रिठेही तिथेच पोत्यात आहेत. लागतील तेवढे न्यावेत, मला पैसे देऊ नयेत, द्यायचेच असतील तर भांडारपेटीत टाकावेत.

जय जिनेंद्र!