गर्भाशयाचे अस्तर

भगिनींनो, राबातले रोप कितीही जोमदार असले तरी चिखलणी न झालेल्या शेतात ते मूळ धरीत नाही, हे कर्जत-खालापूरच्या आपणांस मी काय सांगावे!

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजांच्या उपचाराने टेस्ट ट्यूब बालिका जन्मली. गर्भ काचपात्रात तयार झाला, पण रुजला गर्भाशयाच्या अस्तरातच. ते ७ मिलिमीटरांहून पातळ असले तर आशा उणावते. क्षयाचे जंतूही तेथे गुपचूप ठाण मांडतात. खोकला नाही, ताप नाही, कधी नुसती पाळी कमी होते.

माझ्या जावेला (तिला विचारूनच सांगते) लोकांनी तीन वर्षे बोल लावला. अस्तराचा तुकडा तपासला तेव्हा क्षय निघाला. सहा महिन्यांच्या औषधांनी तो गेला. अस्तर अजून पातळच आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा मुंबईस जायचे आहे. मी बरोबर जाणार.