सिरोंच्याच्या शाळेतील अबोल मूल

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालक-शिक्षक सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या सभेत गतकालाचा गौरव करावयाचा असतो. तो आमच्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित केला आहे. त्यात भर घालण्याची आमची इच्छा नाही. आम्हांस प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेविषयी, आणि त्यातही एकाच गोष्टीविषयी बोलावयाचे आहे. या तालुक्यातील पुष्कळ मुले शाळेत आल्यावर पहिले काही महिने, कधी कधी पहिले सारे वर्ष, तोंड उघडीत नाहीत. अशा मुलास आपण चटकन 'मंद' म्हणून मोकळे होतो. हा शब्द एकदा चिकटला म्हणजे निघत नाही. ते मूल हळूहळू मागल्या रांगेत सरकते, आणि एके वर्षी घरची माणसे मिरची तोडावयास नदीपार निघाली की त्यांच्याबरोबर तेही जाते. हजेरीपटावर नाव तेवढे राहते.

हे मूल मंद नाही. ते तेलुगू आहे, किंवा माडिया आहे. वर्गातील पुस्तक, फळा आणि बहुधा गुरुजीही मराठी आहेत. एवढीच ती गोष्ट. परंतु तिचा विस्तार मोठा आहे.

आपण कोठे राहतो याचा विचार करावा. प्राणहिता येथे गोदावरीस मिळते; पलीकडच्या तीरावर कालेश्वर आहे. हा मुलूख १८६० साली निजामाकडून इंग्रजांकडे आला, आणि सिरोंचा हे अप्पर गोदावरी नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. पुढे १८७४ साली तो चांदा जिल्ह्यास जोडला गेला. १९५६ साली विदर्भाबरोबर तो मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा नवा जिल्हा झाला तेव्हा त्याच्या अगदी दक्षिण टोकास पडला. एवढ्या उलाढालीत राजभाषा बदलली, चुलीजवळची भाषा बदलली नाही. गोदाकाठच्या घरांतून आजही तेलुगू बोलतात आणि रानातल्या गावांतून माडिया. आपणांपैकी पुष्कळ कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने इकडे आली व मराठी घेऊन आली. म्हणून शाळेत आपली मुले स्वगृही असतात, आणि ज्यांचा हा मुलूख ती मुले परक्या घरी बसल्यासारखी बसतात.

सेमिनरीत आम्हांस परकी व्याकरणे शिकविली तेव्हा आमचे वय वीस ओलांडून गेले होते. तरीही प्रत्येक शब्दापुढे त्याचा अर्थ आपल्या भाषेत लिहून घेण्याची आम्हांस मुभा होती. सहा वर्षांच्या मुलास ती मुभा नाही.

आता गणिताचा तास घ्या. गुरुजी म्हणतात, 'त्रेपन्न लिहा.' मुलाने ३५ लिहिले. गुरुजींनी तांबड्या शाईने फुली मारली. परंतु मुलाने काय केले पाहा. मराठीत आपण आधी एकम् बोलतो आणि मग दशम्. त्रे आधी, पन्न मागून. तेलुगूत विसाच्या पुढे आधी दशम् येते: ५३ म्हणजे 'याभै मूडु', पन्नास तीन. मुलाने घरच्या रीतीप्रमाणे जे आधी ऐकले ते आधी लिहिले. त्याने विचार केला, आणि विचाराचीच त्यास शिक्षा झाली. 'एकोणतीस' तर याहून अवघड. नाव घ्यावयाचे तिसाचे आणि लिहावयाचे विसाच्या घरात! तेलुगूत २९ म्हणजे 'इरवै तोम्मिदि', वीस नऊ; त्यात अडण्यासारखे काही नाही.

आपणांस स्मरत असेल, २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेपन्न' याच्या जोडीस 'पन्नास तीन' असेही वाचन दिले, तेव्हा केवढा गहजब झाला होता. वर्तमानपत्रांत थट्टा झाली, विधिमंडळातही झाली. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांपायी मुले अडतात, आणि दक्षिणेकडील भाषांत संख्या सरळ क्रमानेच बोलतात, असे गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे समजावून सांगितले. त्या बाई आता हयात नाहीत. २०२३ साली त्यांचे देहावसान झाले. पुण्या-मुंबईच्या घरांत 'पन्नास तीन' हे विनोदाचे वाटले असेल. सिरोंच्यास तो विनोद नाही, येथील मुलाची ती रोजची गणती आहे. आमच्या मते या तालुक्यात प्रत्येक शिक्षकाने दोन्ही नावे बरोबरीने म्हणून घ्यावी. मुलास 'त्रेपन्न' शिकावयाचेच आहे, पण ते 'पन्नास तीन' याच्या खांद्यावर बसून शिकू द्यावे.

माडिया मुलाचा विचार कोणी फारसा करीत नाही. गोंडीत एक, दोन, तीन, चार म्हणजे उंदी, रंड, मूंद, नालुंग. तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. एक सोडले तर बाकीची सख्खी भावंडे वाटतात, आणि आहेतही. दोन्ही भाषा द्राविडी कुळातील. म्हणजे वर्गात शेजारी बसलेली तेलुगू व माडिया मुले एकमेकांना पुष्कळ मदत करू शकतील. मात्र वर्गात ती भाषा बोलू नये असा दंडक नसावा.

दुसरी अडचण लिंगांची. तेलुगूत एकवचनी पुरुष आला तर 'वच्चाडु'. बाई आली, गाय आली वा गाडी आली, तिन्हींस 'वच्चिंदि' हे एकच क्रियापद. असे मूल मराठी बोलू लागले की 'बाई आलं' म्हणते, आणि वर्ग हसतो. हसणारी मुले कोणाची? आपल्या घरची, बंधूंनो. त्या हसण्याने जेवढी तोंडे बंद झाली असतील तेवढी छडीने झाली नसतील. हे घरी सांगण्याचे काम शिक्षकाचे नव्हे, ते आपले आहे.

एका शब्दाची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे. गुरुजी मोठ्या उत्साहाने म्हणतात, 'हं, चालू करा!' आणि नवखे मूल पाटी खाली ठेवते. गुरुजींस वाटते, हा हट्टी आहे. मुलास वाटते, यांनीच तर थांबावयास सांगितले!

हेच अबोल मूल दुपारच्या भोजनाच्या पंगतीत पाहावे. खिचडी वाढणारी बाई गावातलीच असते. तिच्यापुढे ते खणखणीत आवाजात 'इंका' म्हणते, म्हणजे आणखी हवे. आज वडील कोठे गेले, घरची शेळी व्याली का, हेही न विचारता सांगते. ज्यास वर्गात वाचा नाही असे आपण समजत होतो त्याच्या वाचेस खळ नसतो. आमच्या पाहण्यात पहिलीच्या वर्गाचा खरा दुभाषी बहुतेक ठिकाणी ही स्वयंपाकीण आहे. गुरुजींनी दिवसातून पाव घटका तिला वर्गाच्या दाराशी बोलावून चित्रातल्या वस्तूंची नावे विचारून घ्यावी, यात कमीपणा कसला?

रीत सोपी आहे. पाण्याचे चित्र दाखवावे आणि 'इदि एमिटि?' एवढे तेलुगूत विचारावे. मूल 'नीळ्ळु' म्हणेल. तेच फळ्यावर देवनागरीत लिहावे. आपल्या तोंडचा शब्द फळ्यावर उमटलेला पाहून मुलास जे वाटते ते पाहण्यासारखे असते. माडिया मूल असेल तर 'एर' लिहावे. मग त्याखाली 'पाणी'. अक्षर ओळखीच्या शब्दातून शिकावे, आणि नवा शब्द ओळखीच्या अक्षरांतून. दोन्ही नवी एकदम दिली म्हणजे मूल पाठ करते, वाचीत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेस ही रीत नवी नाही. इंग्लंडात १५४९ साली जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. लोकांस इंग्रजी किंवा पोर्तुगीज शिकवून मग बोलू, असे ते म्हणाले नाहीत. ते स्वतः मराठी व कोकणी शिकले. त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, आणि कोकणी धर्मशिक्षणाचे प्रश्नोत्तरी पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली रायतूरास निघाले. तीर्थरूप आईच्या भाषेत मुलास शिकविण्यासाठी एक इंग्रज पंडित पुन्हा अ आ इ पासून आरंभ करतो, आणि आपण येथे दहा-दहा वर्षे राहून 'इदि एमिटि' शिकत नाही, हे बरे दिसत नाही.

जवळचे उदाहरण हवे असेल तर शेजारच्या भामरागड तालुक्यात आहे. हेमलकसा येथे १९७३ साली बाबा आमटे यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे जाऊन आधी माडिया शिकले. शाळा १९७६ साली निघाली. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ साली गोंडीतून शिकविणारी शाळा स्वतःच काढली. मान्यतेच्या अभावी शिक्षण खात्याने तिला नोटीस दिली व प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. कायद्याची बाजू न्यायालय पाहील. पण गरीब गावास स्वतःच्या पदरमोडीने शाळा काढावीशी वाटली, याचा अर्थ आपण ओळखावा. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी कराव्यात, असे १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने घटनेतच आले आहे. आणि २०१० साली अंमलात आलेला शिक्षणहक्क कायदाही शक्य तेथवर मातृभाषाच सांगतो. 'शक्य तेथवर' हे शब्द मात्र फार सैल आहेत.

कोणी म्हणेल, मग मराठी सोडावयाची काय? मुळीच नाही. तलाठ्याचा कागद मराठीत आहे, परीक्षा मराठीत आहेत, वरच्या नोकऱ्यांचे दार मराठीतून उघडते. मराठी न येणारा या जिल्ह्यात नेहमी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहील. म्हणूनच ती नीट यावयास हवी. आणि या मुलांस ती अवघड नाही. हिंदीत 'हम' हा एकच शब्द आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' निराळे. तेलुगूतही 'मेमु' आणि 'मनमु' तसेच निराळे. समोरच्यास धरून बोलावयाचे की वगळून, हा भेद येथील मूल आईच्या मांडीवर शिकून आलेले असते. हा आपल्या दोन भाषांमधला जुना शेजारधर्म आहे. शिक्षकाने त्याचा उपयोग करून घ्यावा.

काही पालक म्हणतात, इंग्रजी शाळा काढा, सारा तंटा मिटेल. आम्हांस ते पटत नाही. दोन भाषांत अबोल असलेले मूल तिसरीत बोलके होणार कसे?

ज्युबिली समितीपुढे कमानीचा प्रस्ताव आहे. कमान सुंदर होईल यात संशय नाही. आमची विनंती एवढीच की त्या रकमेतला काही भाग वेगळा काढून एक तेलुगू व एक माडिया जाणणारी मुलगी, दोघी याच तालुक्यातल्या, येत्या जूनपासून पहिलीच्या वर्गास मदतनीस म्हणून द्याव्यात. शाळेच्या व्यवस्थापन समितीची संमती लागेल. ती मागण्यास आम्ही स्वतः जाऊ. पावसाळ्यात नदी चढली की रस्ते बंद पडतात. २०२२ च्या जुलैतील पूर कोणी विसरले नसेल. म्हणून मदतनीस त्याच गावची असावी, पायी येणारी. मानधन किती द्यावे याचा विचार समितीने येत्या रविवारी मिस्सेनंतर करावा, आणि शिक्षकमंडळींनी त्या वेळी आवर्जून हजर राहावे.