तेझे येथील प्रार्थना

फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातील तेझे या खेड्यात, जिथे 1940 साली ब्रदर रोजे यांनी मुक्काम केला आणि पुढे भिन्न ख्रिस्ती पंथांतील बंधूंचा आश्रम उभा राहिला, तिथे दिवसातून तीनदा घंटानाद होतो व शुभ्र वस्त्रधारी बंधूंसमवेत नाना देशांचे तरुण जमिनीवरच बसून प्रार्थना करतात. झाक बेर्तिये यांनी स्वरबद्ध केलेली एक-दोन ओळींची पदे, लॅटिनसह अनेक भाषांत, नामस्मरणासारखी पुनःपुन्हा आळवली जात असल्याने परक्यालाही सूर सहज गवसतो. मग गायन थांबते आणि कित्येक मिनिटे निःशब्द जातात. माझ्या मते हे मौनच उपासनेचा प्राण. शुक्रवारी सायंकाळी क्रूस जमिनीवर आडवा ठेवतात. इच्छा असेल त्याने त्यावर कपाळ टेकावे, सक्ती कोणावरच नसते.