प्रत्येक गावास संकेतस्थळाचा पत्ता
(राणीसावरगाव येथे पंचायत सदस्य व शिक्षकांपुढे केलेले भाषण)



जिल्ह्याच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात ‘जीओव्ही डॉट इन’च्या आधी ‘परभणी’ येते. हे सबडोमेन होय. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी आखलेल्या या नामपद्धतीत वरच्या नावाच्या धन्यास त्याखाली अनेक नावे देता येतात.

उद्या प्रत्येक गावास असे नाव द्यावयाचे ठरले, तर स्वतंत्र नोंदींची आवश्यकता नाही. नावाच्या जागी एक तारांकन नोंदविले की, कोणतेही नाव एकाच संगणकाकडे जाते व तो त्या गावाचे पान दाखवितो.

परंतु खरे गाव व चुकीचे लिहिलेले नाव यांतील भेद तारांकनास कळत नाही. मराठवाड्यात सावरगावे अनेक आहेत. रोमन लिपीत राणीसावरगावही निरनिराळ्या प्रकारे लिहितात. दाखल्यासाठी आलेला नागरिक भलत्याच गावाच्या पानावर पोहोचला, तर दोष यादीचा ठरेल.

म्हणून केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील गावाचा संकेतांक आधारास घेऊन यादी प्रथम शुद्ध करावी. तसेच प्रत्येक पानाची माहिती अद्ययावत ठेवणारी जबाबदार व्यक्ती ग्रामसभेत निश्चित करावी, अशी माझी आपणांस विनंती आहे.