मोजमापाचा सचित्र धडा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील पुष्कळ तरुण आज भोसरी, चाकण येथील कारखान्यांत नोकरीस आहेत. आमचा व्यवसाय शिकविण्याचा. यंत्रविद्येत आमचा अधिकार नाही. परंतु एकाने जाणलेले दुसऱ्यास कसे उमगावे, हा प्रश्न जितका शाळेचा तितकाच कारखान्याचाही आहे. म्हणून त्यावर दोन शब्द बोलण्याचे धाडस करीत आहो.

सीएमएम नावाच्या यंत्रात एका शलाकेच्या टोकाशी माणकाचा बारीक मणी असतो. तो सुट्या भागास ठिकठिकाणी स्पर्श करतो आणि त्या बिंदूंवरून संगणक मापे काढतो. हिशेब मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या सहस्रांशाचा. मोजणीचा प्रोग्राम एक अभियंता लिहितो. तिन्ही पाळ्यांत तो चालवितात मात्र दुसरेच. मध्येच यंत्र थांबते आणि पडद्यावर सूचना उमटते. ती सूचना हाच त्या अभियंत्याचा धडा होय.

आमच्या परिचयाच्या एका तरुणापुढे इंग्रजीत एवढेच उमटे : ‘भाग नकाशाप्रमाणे बसवा.’ भाग दोन्ही बाजूंनी सारखाच भासे व उलटाही बसे. यंत्राने निमूटपणे मोजले, चांगला माल नापास ठरला आणि ठपका आला त्या मुलावर. त्याची नोकरी जेमतेम वाचली. सूचनेखाली योग्य बैठकीचे एक छायाचित्र असते तर हे टळले असते.

आता अशी सोय आहे. अनेक मापन-प्रणालींत सूचनेबरोबर चित्र वा चलच्चित्र दाखविता येते. आरंभी भागाची जागा यंत्रास कळावी म्हणून सपाट पृष्ठावर तीन, कडेवर दोन व टोकाशी एक असे सहा बिंदू घेण्याची रीत आहे. ते कोठे घ्यावेत हे सांगण्यास परिच्छेद लागेल. बाण काढलेले एक चित्र पुरते. कोमेनियस या शिक्षणशास्त्रज्ञाने मुलांसाठी आपले सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ साली न्युरेंबर्ग येथे प्रसिद्ध केले, ते याच तत्त्वावर.

तथापि प्रत्येक साधनाचे क्षेत्र निराळे. स्थान दाखवावे चित्राने. कृती दाखवावी चलच्चित्राने; पातळ भाग अधिक आवळला तर वाकतो आणि सोडताच मूळ आकारास येतो, म्हणून हात किती आवळतो हे प्रत्यक्ष पाहिलेलेच बरे. आकडा मात्र शब्दांतच द्यावा. मापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस आहे. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी भाग एका अंशाने तापला की सुमारे एक मायक्रॉनने वाढतो. उन्हाळ्यात ३५ अंशांवरचा भाग तसाच मोजला तर सुमारे १७ मायक्रॉनांचा फरक पडेल. ही गोष्ट कोणतेही चित्र सांगू शकत नाही.

आपल्या अभियंता तरुणांस आमचे सांगणे एवढेच. एका पायरीस एकच चित्र द्यावे आणि ते चालक उभा राहतो तेथून घ्यावे. चलच्चित्र अल्प असावे व आवाजावाचून समजावे, कारण कारखान्यातील गोंगाटात बोलणे ऐकू येत नाही. चित्राखाली मराठीत ओळ असावी. नकाशा बदलला की चित्रही बदलावे. जुने चित्र चित्र नसण्याहून घातक. आणि प्रोग्राम दुसऱ्या संगणकावर नेताना चित्रांच्या फाइलीही सोबत न्याव्यात, नाहीतर ऐन वेळी पडद्यावर रिकामी चौकट दिसते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सूचना लिहून झाली की रात्रपाळीच्या नव्या मुलास ती द्यावी आणि स्वतः न बोलता शेजारी उभे राहावे. तो जेथे अडखळेल तेथे धडा अपुरा आहे, मुलगा नव्हे. शिकलेल्याने मागून येणाऱ्याचा हात धरावा, यासाठीच तर आपले मंडळ आहे.