गिरणी गेली, जागा कोणाला?



आज मी तुम्हांला गिरणीची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही शेतकरी माणसं. गिरणीशी आमचा काय संबंध?" संबंध आहे. तो शेवटी सांगतो.

कोल्हापुरात कोटितीर्थ तळ्याजवळ शाहू मिल आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली तिचा पाया घातला. इथल्या लोकांना इथेच काम मिळावे, हा त्यांचा हेतू होता. मिलचा भोंगा झाला की लोक घड्याळ लावीत. आज मिल बंद आहे. भोंगा नाही, साचे नाहीत. पण जागा आहे. सुमारे २७ एकर, आणि तीही ऐन शहरात. २०२२ साली महाराजांच्या निधनाला १०० वर्षे झाली. तेव्हा कृतज्ञतेचे कार्यक्रम याच मिलमध्ये झाले. तिथे महाराजांचे मोठे स्मारक व्हावे, ही गोष्ट पुष्कळ वर्षे बोलली जात आहे.

आता विचार करा. गिरणी बंद पडली की यंत्रे भंगारात जातात. पण जमीन भंगारात जाते का? नाही. उलट तिचा भाव वाढतो. मग त्या जमिनीचे काय करायचे? आणि ती कोणाच्या उपयोगी पडावी?

हा प्रश्न साऱ्या जगाला पडला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क नावाचे मोठे शहर आहे. तिथल्या सोहो भागातून कारखाने निघून गेले. १९६० च्या सुमारास गरीब चित्रकार त्या रिकाम्या दालनांत राहू लागले. उंच छत, मोठ्या खिडक्या आणि सगळी मिळून एकच लांबरुंद खोली. अशा घराला तिकडे लॉफ्ट म्हणतात. पुढे श्रीमंतांनाही ही घरे आवडली. भाडी वाढली. गरिबांवर निघून जाण्याची पाळी आली. तेव्हा १९८२ साली तिथे कायदा झाला. अशा जागेत राहणाऱ्या भाडेकरूंना त्याने आधार दिला.

त्याच १९८२ साली आपल्या मुंबईत काय झाले? १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंत पुढारी होते. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले. हे कामगार कोण? कोकणातले, साताऱ्याचे, आपल्या कोल्हापूरचे. शेतावर भागत नाही म्हणून मुंबईला गेलेली आपलीच माणसे. एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे. खानावळीत जेवायचे आणि महिन्याला घरी मनिऑर्डर धाडायचे. संप लांबला. हजारो माणसे गावी परत आली. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या.

मुंबईत ५८ गिरण्या होत्या. त्यांची जमीन मिळून सुमारे ६०० एकर. पहिली गिरणी १८५६ साली सुरू झाली, तेव्हा ती गावाबाहेरची जागा होती. आता ती शहराच्या मधोमध आली. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये आज मोठा बाजार आहे. मिलचे धुराडे मात्र अजून उभे आहे. तिथल्याच श्रीनिवास मिलच्या जागेवर सत्तर मजल्यांहून उंच इमारत झाली. मान वर करून पाहिले तर डोक्यावरचे पागोटे पडावे!

जुन्या जागेवर नवी घरे होतात, हे वाईट नाही. पडीक ठेवण्यापेक्षा ते बरे. पण त्यात वाटणी नीट झाली पाहिजे. सरकारने १९९१ साली एक नियम केला. गिरणीच्या जमिनीचे ढोबळ मानाने तीन वाटे करायचे. एक वाटा मैदाने व बागांसाठी. एक वाटा सामान्य लोकांच्या घरांसाठी. उरलेला वाटा मालकाचा. २००१ साली हा नियम बदलला. मोकळी जमीन तेवढी वाटायची आणि इमारती असलेली जमीन वाटणीत धरायची नाही, असे ठरले.

तुम्हांला शेताचा दाखला देतो. तीन भावांचे १२ एकर रान आहे. वाटणी केली तर प्रत्येकाला ४ एकर. पण थोरला म्हणाला, "पीक उभं आहे ते ९ एकर सोडा. पडीक ३ एकर तेवढे वाटू." मग धाकट्यांना एकेक एकर आणि थोरल्याला १० एकर! यावर लोक कोर्टात गेले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने नवा नियम कायम केला. बागा आणि गरिबांची घरे यांचा वाटा असा आटला.

तरी कामगारांनी मोर्चे काढले. दाद मागितली. म्हणून काही घरे त्यांच्यासाठी झाली. २०१२ साली ६,९२५ घरांची सोडत निघाली. २०१६ साली २,६३४ घरांची आणि २०२० साली ३,८९४ घरांची निघाली. अर्ज मात्र दीड लाखाहून अधिक आले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता, त्याला अर्ज करता येई. तो वारला असेल तर वारसाला. पण पुरावा पाहिजे. तिकीट नंबर, लाल पास, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, असे काही तरी हातात पाहिजे.

आता आपला संबंध सांगतो.

अर्ज निघाले तेव्हा आपल्या गावातली एक बाई माझ्याकडे आली. नाव सांगत नाही. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता. संपात परत आला आणि पुढे वारला. बाईने पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे ठेवली. मी एकेक कागद काढला. लग्नपत्रिका निघाल्या. सोसायटीच्या पावत्या निघाल्या. गिरणीचा एकही कागद नाही. मी विचारले, "पास कुठं आहे?" ती म्हणाली, "गुरुजी, कागद कसला हाय ते मला काय कळतंय? पावसाळ्यात चूल पेटत नव्हती. त्येच घातले."

मी ठिकठिकाणी पत्रे लिहिली. पण गिरणीच बंद, उत्तर कोण देणार?

दुसऱ्या एका घरात आजीने लाल पास पोथीत जपून ठेवला होता. तिच्या मुलाचा अर्ज घेतला गेला. घर अजून लागलेले नाही. पण यादीत नाव आहे. ज्याचे नाव यादीत, त्याला भांडता तरी येते.

म्हणून माझे सांगणे एवढेच. घरातले कागद आजच बाहेर काढा. स्वतः वाचा. सातबारा, पगाराची पावती, कारखान्याचा शेअर, जे असेल ते एका पिशवीत ठेवा. वाचल्याशिवाय सही करू नका. आणि आपल्या भागात एखाद्या बंद कारखान्याच्या जागेची गोष्ट निघाली, तर विचारा : यात कामगाराचा वाटा किती? गावाचा किती? विचारायला पैसे पडत नाहीत.

ती बाई आज आपल्या वर्गात येते. परवा तिने रेशनकार्डावरचे आपले नाव बोट ठेवून वाचले. दोनदा वाचले. मग कार्ड पिशवीत घातले आणि पिशवी उंच खुंटीला टांगली, चुलीपासून लांब.