मताची पेटी आणि गणिताचा फळा



आज मी आपणांपुढे अमेरिकेतील एका चळवळीची हकीकत मांडणार आहे. ती मताच्या हक्कासाठी निघाली आणि गणिताच्या फळ्याशी येऊन पोहोचली.

मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीय माणूस मतदार म्हणून नाव नोंदविण्यास गेला की, त्याच्यापुढे राज्यघटनेचे एखादे कलम ठेवून त्याचा अर्थ लिहावयास सांगत. उत्तर बरोबर की चूक, हे नोंदणी अधिकारी ठरवी. निकाल काय लागत असेल, हे आपणांस सांगावयास नको. ज्यांना शाळा धड मिळू दिली नाही, त्यांच्याच अज्ञानाचे निमित्त करून त्यांचा हक्क नाकारला जाई! १९६१ साली बॉब मोझेस हा गणिताचा तरुण शिक्षक तेथे मतदार नोंदणीच्या कार्यास लागला. त्याने मार खाल्ला, तुरुंगही पाहिला. अशा परीक्षांना आळा घालणारा मताधिकाराचा कायदा १९६५ साली झाला.

पुढे १९८२ साली केंब्रिज शहरात त्याच्या ध्यानी आले की, आपल्या मुलीच्या शाळेत आठवीला बीजगणित शिकवीतच नाहीत. बीजगणित नाही तर वरचे गणित नाही, आणि ते नाही तर कॉलेजातील विज्ञानाचे दार बंद. जुनीच अडवणूक नव्या वेषात उभी होती. त्याने 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' सुरू केला.

मला अधिक मोलाचे वाटते ते त्यापुढील पाऊल. १९९६ साली या प्रकल्पातून निघालेल्या तरुणांनी 'यंग पीपल्स प्रोजेक्ट' उभारला. कॉलेजातील विद्यार्थी हायस्कुलातील मुलांस तयार करतात, आणि ती मुले आपल्याहून धाकट्यांस शिकवितात. या कामाचा त्यांना मोबदलाही मिळतो, आणि तो मिळावाच. गरिबाच्या मुलाची संध्याकाळ फुकट नसते.

त्यांचा एक खेळ पाहा. जमिनीवर फाटे फुटणाऱ्या वाटा आखतात. मुलाने दिलेल्या संख्येचे मूळ अवयव पाडावयाचे आणि योग्य वाटेने धावावयाचे. ६ म्हणजे २ गुणिले ३. दोन निराळे अवयव, एक वाट. ३० मध्ये २, ३ आणि ५ असे तीन, वाट दुसरी. १२ मध्ये २ दोनदा येतो, म्हणून तिसरी. चुकलेले मूल हसत मागे फिरते. मास्तरांपुढे चुकण्याची जी धास्ती असते, ती चार वर्षांनी मोठ्या दादापुढे किंवा ताईपुढे राहत नाही. आणि शिकविणाऱ्या दादाचेही बिंग तेथेच फुटते! "असे का?" म्हणून पोराने विचारले की, पाठ केलेला नियम कामास येत नाही.

आता आपणांस विचारतो. आपल्या वस्तीत कॉलेजात जाणारी मुले-मुली आज आहेत. त्यांतील किती जण शेजारच्या पाचवीतील पोरास अपूर्णांक समजावून देतात? पालकहो, त्यांस आठवड्याच्या दोन संध्याकाळ घरकामातून मोकळे करा. मुलींस तर आधी करा. जागा ओट्यावरची चालेल, फळा नसला तर फरशी आहे. आणि आज रात्री जेवताना आपल्या धाकट्यास ३० कोणत्या वाटेने जाईल, एवढे विचारून पाहा.